रिकामी गव्हाणी

शास्त्रपाठ : लूक 2:1–20, 2 करिंथकरांस 8:9



नाताळाचा सण जवळ आला म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत मोठी लगबग सुरू होते. उपासनामंदिरास चुना लागतो, रंगीत कागदांच्या पताका लागतात, ढोलकीला नवी शाई चढते, आणि कोणाच्या घरी करंज्या किती झाल्या व कोणी मुलांस कसले कपडे घेतले याची चर्चा ओट्याओट्यावर चालते. ही सारी आनंदाची चिन्हे होत. त्यांविषयी आम्हांस कुरकूर करावयाची नाही. परंतु गेल्या नाताळापूर्वी आमच्या मंडळीत एक प्रश्न उत्पन्न झाला, आणि त्याचे उत्तर शोधावयास निघालो असता प्रभूने आम्हां स्वतःसच एक धडा दिला. तो आपणांपुढे, विशेषतः गावोगावी सेवा करणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंपुढे, ठेवावा या हेतूने हे चार शब्द लिहीत आहोत.

एके रात्री जेवणे उरकल्यावर मंडळीतील एक गृहस्थ आमच्या दारी आले. त्यांची मुलगी तालुक्याच्या गावी रोमन कॅथलिक धर्मभगिनींच्या मराठी शाळेत पाचव्या इयत्तेत शिकते. ते बराच वेळ खाली पाहत बसले व मग म्हणाले, "पाळकसाहेब, पोरीला शाळेतून मूठभर वाळलं गवत आणायला सांगितलंय. वर्गात गव्हाण करणार आणि तिच्यात मातीचं बाळ ठेवणार. मी नको म्हटलं, तर पोर दोन दिवस धड जेवली नाही. आमच्या आज्यानं घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले; भावकीनं वाळीत टाकलं, तेही सोसलं. आता त्याच्या पणतीनं पुन्हा मातीचे देव मांडायचे काय?"

बंधूंनो, ज्याच्या आजोबाने विश्वासाकरिता विहिरीचे पाणी व सोयऱ्यांचे दार गमावले, त्याचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. निर्गमाच्या विसाव्या अध्यायातील दुसरी आज्ञा ज्याच्या घरात इतक्या मोलाने विकत घेतली गेली आहे, तो मनुष्य दक्ष असणारच. आम्ही म्हटले, "भाऊ, न पाहता बोलणे बरे नव्हे. उद्या आम्ही स्वतः शाळेत जातो. मग आपण बोलू."

दुसऱ्या दिवशी आम्ही तेथे गेलो. वर्गशिक्षिका असलेल्या धर्मभगिनीने आमचे आदराने स्वागत केले. मुले उठून उभी राहिली आणि एका सुरात "नमस्ते, फादर" म्हणाली. "आम्ही फादर नव्हे, पाळक आहोत," असे आम्ही सांगताच मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "मग तुमचा नाताळ वेगळा असतो का?" आम्ही म्हटले, "नाही रे बाळा, नाताळ एकच आहे." उत्तर तोंडून सहज गेले, पण ते खरे करून दाखविणे किती कठीण आहे, हे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्हांस कळून चुकले.

वर्गात दोन गोष्टी मांडल्या होत्या. टेबलावर सायकलीच्या जुन्या चाकाची लोखंडी कड होती. तिला हिरवा पाला गुंडाळून तिच्यावर चार मेणबत्त्या बसविल्या होत्या. नाताळापूर्वीच्या चार रविवारांस ती मंडळी आगमनकाळ म्हणतात, व प्रत्येक आठवड्यास एकेक मेणबत्ती अधिक लावितात. कोपऱ्यात आंब्याच्या खोक्याच्या फळ्यांची गव्हाणी होती व तिच्यावर उसाच्या पाचटाने शाकारलेले छप्पर होते. आत मरिया होती, योसेफ होता, मेंढरे होती. परंतु गव्हाणी रिकामी होती.

प्रथम चाकाविषयी सांगतो. आम्ही त्या भगिनीस विचारले, "सिस्टर, ही रीत कोठून आली?" त्या म्हणाल्या, "आमच्याकडे पूर्वीपासून आहे." तेव्हा आम्ही त्यांस एक गोष्ट सांगितली. जर्मनी देशात हांबुर्ग शहरी योहान हिन्रिख विखर्न नावाचा एक ल्यूथरन पाळक होता. त्याने 1833 साली गरीब व अनाथ मुलांकरिता एक आश्रम काढिला. नाताळ जवळ आला म्हणजे ती मुले रोज विचारीत की, आता किती दिवस राहिले? तेव्हा 1839 साली त्याने गाडीचे एक जुने चाक टांगून त्यावर मेणबत्त्या लाविल्या; साध्या दिवसांकरिता लहान व रविवारांकरिता मोठ्या. रोज एक पेटे, आणि मुलांस बोटांवर मोजता येई की, प्रभूचा जन्मदिवस इतका जवळ आला. ही रीत प्रॉटेस्टंट घरांतून पसरत गेली, आणि विसाव्या शतकात रोमन कॅथलिक मंदिरांत व शाळांतही रुजली. हे ऐकून त्या हसल्या व म्हणाल्या, "म्हणजे हे चाक तुमच्या घरचे आहे म्हणा की!" आम्ही उत्तर केले, "चाक आमच्या घरचे आणि गव्हाणी तुमच्या घरची."

गव्हाणीची हकीकत अशी. इटली देशात असिसीचा फ्रान्सिस नावाचा एक देवभीरू मनुष्य होऊन गेला. बापाची श्रीमंती सोडून तो दरिद्री लोकांत राहिला. 1223 सालच्या नाताळात ग्रेच्यो नावाच्या डोंगराळ खेड्यात त्याने एका ओळखीच्या मनुष्याकडून गव्हाणी, वाळलेले गवत, एक बैल व एक गाढव इतकी तयारी करविली. आसपासचे लोक मशाली घेऊन रात्री जमले, शुभवर्तमान वाचले गेले, आणि फ्रान्सिसने उपदेश केला. बेथलेहेमात जन्मलेल्या बाळास किती अडचण सोसावी लागली, ते आपल्या या डोळ्यांनी पाहावे अशी त्याची इच्छा होती, असे त्याच्या पहिल्या चरित्रकाराने लिहून ठेविले आहे. त्या वर्णनात मातीच्या मूर्ती मांडल्याचा उल्लेख नाही. गव्हाणी, गवत व जिवंत जनावरे यांचाच आहे. 2023 साली या गोष्टीस आठशे वर्षे पूर्ण झाली. सोन्यारुप्याने मढविलेल्या मोठमोठ्या मंदिरांच्या काळात त्या मनुष्याने खेड्यातील लोकांस गोठ्याकडे नेले आणि म्हटले, पाहा, तुमचा राजा येथे निजला होता.

येथे काही उपदेशक बंधू म्हणतील की, आपल्या वाडवडिलांनी हे सर्व नाकारले होते. हे म्हणणे खरे आहे. किंबहुना त्यांनी याहूनही पुष्कळ नाकारले होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात प्युरिटन लोकांनी 1659 साली असा कायदा केला की, जो कोणी नाताळ पाळील त्याने पाच शिलिंग दंड भरावा; तो कायदा 1681 साली रद्द झाला. त्याच न्यू इंग्लंडमधील मंडळ्यांनी पाठविलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे 1813 साली मुंबईस उतरले, आणि त्यांच्या मिशनच्या द्वारे आपल्या महाराष्ट्रातील कित्येक खेड्यांत शुभवर्तमान पोहोचले. ज्यांच्या पूर्वजांनी नाताळाबद्दल दंड घेतला, त्यांच्याच शिष्यांच्या मंडळ्या आज पताका लाविताना थकत नाहीत! ते पूर्वज मूर्ख होते काय? मुळीच नव्हे. सणाच्या नावाखाली दारू, जुगार व दंगा चालतो हे त्यांनी पाहिले होते, आणि शास्त्रात ज्या दिवसाची आज्ञा नाही तो विवेकबुद्धीवर लादू नये असा त्यांचा आग्रह होता. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात अशा प्रश्नाचा निकाल दिला आहे. कोणी एक दिवस विशेष मानितो, कोणी सर्व दिवस सारखे मानितो. प्रत्येकाने प्रभूकरिता मानावे, आणि एकाने दुसऱ्यास तुच्छ लेखू नये.

आता मुख्य प्रश्न मूर्तीचा. याविषयी शास्त्रातील एक इतिहास पुष्कळ उपयोगी पडतो. गणनाच्या एकविसाव्या अध्यायात देवाने स्वतः मोशेस पितळेचा साप करावयास सांगितले, आणि त्याजकडे पाहून सर्पदंश झालेले लोक वाचले. पुढे शेकडो वर्षांनी लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले. तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे तुकडे केले, आणि तसे केल्याबद्दल शास्त्र त्याची प्रशंसा करिते (2 राजे 18:4). एकच वस्तू, शिकविण्याकरिता होती तोवर देवाची देणगी, आणि तिची पूजा होऊ लागताच फोडून टाकण्यास योग्य! यावरून नियम मिळतो. जे चित्र प्रभूची गोष्ट सांगते ते पाटीवरील अक्षराप्रमाणे होय. त्याकडे पाहून शिकावे. परंतु ज्या घडीस कोणी त्या मातीपुढे नवस बोलेल, ऊद जाळील किंवा तिच्याकडून काही मागेल, त्या घडीस ती दूर करावी. रोमन कॅथलिक लोक सांगतात की, मान चित्रास नव्हे, तर ज्याचे ते चित्र आहे त्यास पोहोचतो. निकियाच्या 787 सालच्या धर्मसभेचा निर्णय असाच आहे. या बाबतीत आपले व त्यांचे एकमत झालेले नाही, व झाले आहे असे आम्ही भासवीत नाही. आपले लोक मूर्तिपूजेतून नुकते बाहेर आलेले आहेत. भाजलेल्या मुलास विस्तवाची भीती असावी हेच बरे. म्हणून ज्याची विवेकबुद्धी दुर्बळ आहे त्यास कोणी बळजबरी करू नये (1 करिंथ 8). तथापि मुलीने गव्हाणीकरिता मूठभर गवत नेले, तर तिने मूर्ती पुजिली असे म्हणणेही न्यायाचे नाही.

आणखी एक गोष्ट तेथे होती. गव्हाणीशेजारी एका डब्यात गवताच्या काड्या ठेविल्या होत्या. जो मुलगा कोणास न सांगता दुसऱ्यास साहाय्य करील, त्याने एक काडी उचलून गव्हाणीत ठेवावी, म्हणजे नाताळापर्यंत बाळाकरिता अंथरूण तयार होईल, असा त्या वर्गाचा नियम होता. हे पाहून आमच्या मनात लगेच इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय उभा राहिला. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळते. ते आपल्या कृत्यांचे वेतन नव्हे. काड्या मोजून का कोणी देवास खाली उतरविले आहे? आम्ही हे त्या भगिनीस स्पष्ट बोलून दाखविले. त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, बाळ येणार आहे हे नक्कीच आहे. काड्या कमी पडल्या म्हणून ते येणार नाही, असे आम्ही मुलांना कधीच सांगत नाही. ते येणार आहे, म्हणून अंथरूण करायचे." बंधूंनो, आम्ही गप्प बसलो, कारण त्याच अध्यायाच्या दहाव्या वचनात पौल म्हणतो की, सत्कर्मांनी तारण होत नाही, पण तारलेले लोक सत्कर्मांकरिताच निर्माण केलेले आहेत. याच प्रश्नावरून सोळाव्या शतकात युरोपातील मंडळी दुभंगली. याच प्रश्नावर 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग शहरात ल्यूथरन मंडळ्यांच्या जागतिक संघाने व रोमन कॅथलिक मंडळीने एकत्र सही केली की, मनुष्य आपल्या पुण्याने नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्तावरील विश्वासाने देवास ग्राह्य होतो. पुढे 2006 साली मेथडिस्ट व 2017 साली रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघांनीही त्यास संमती दिली. सर्व वाद मिटले असे नाही; परंतु ज्या भिंतीवर दोन्ही बाजूंनी चारशे वर्षे काटे लाविले जात होते, तिच्यात एक दार पडले आहे.

मग त्या भगिनीने आम्हांस मुलांशी बोलावयास सांगितले. आम्ही विचारले, "पूर्वेकडून किती मागी लोक आले?" सगळे ओरडले, "तीन!" "ते गोठ्यात आले की घरात?" "गोठ्यात!" "गोठ्यात बैल होता का?" "होता!" आम्ही म्हटले, "चला, शास्त्रात पाहू." एका मुलीने मत्तयाचा दुसरा अध्याय मोठ्याने वाचला. दाने तीन, पण माणसांची संख्या दिलेली नाही. आणि ते घरात गेले असे लिहिले आहे. लूकाचा दुसरा अध्याय वाचला. त्यात बैल नाही व गाढवही नाही. ती जनावरे लोकांच्या मनात यशयाच्या पहिल्या अध्यायातून आली. तेथे देव म्हणतो की, बैलास धनी कळतो व गाढवास गव्हाणी कळते, पण माझ्या लोकांस मी कळत नाही. मुलांस मोठी गंमत वाटली आणि धर्मभगिनीस आनंद झाला. उपदेशक बंधूंनो, हीच रीत आपण धरावी. बिरुया येथील लोकांनी पौलाचे बोलणेसुद्धा शास्त्राशी ताडून पाहिले (प्रे. कृत्ये 17:11). आपल्या मुलांस कॅथलिक शाळेतून ओढून आणून घरी बसविण्यापेक्षा त्यांच्या हाती शास्त्र द्यावे. ज्याच्या हाती दिवा आहे त्यास परक्या वाटेचे भय नाही.

शेवटी आम्ही विचारले, "ही गव्हाणी रिकामी का ठेविली आहे?" मघाचाच तो मागच्या बाकावरील मुलगा उठला. तो ऊसतोड कामगारांचा मुलगा होता. हंगामात आईबाप कारखान्याच्या भागात आले म्हणजे ती शाळा अशी काही मुले चारपाच महिने बसवून घेते. तो म्हणाला, "बाळ अजून यायचंय. जागा करून ठेवलीय." आम्ही छपराकडे बोट दाखवून विचारले, "आणि हे छप्पर इतके नीट कोणी शाकारले?" मुले त्याच्याकडे पाहू लागली. तो लाजून म्हणाला, "मी केलं. आमची कोपी अशीच असते. मागच्या हंगामात माझी बहीण कोपीतच झाली. आई दिवसभर मोळ्या बांधत होती, रात्री झाली. दवाखान्यात न्यायला गाडी नव्हती."

प्रिय बंधुभगिनींनो, त्या मुलाने हे काही दुःख म्हणून सांगितले नाही. जसे घडले तसे सांगितले. परंतु लूकाच्या दुसऱ्या अध्यायावर आम्ही वीस वर्षे उपदेश केला असता जे आम्हांस दिसले नव्हते, ते त्या घडीस दिसले. योसेफ व मरिया हीसुद्धा कोणाच्या तरी हुकुमामुळे आपले घर सोडून निघाली होती. कैसराने नावनिशी लिहावयास सांगितले, आणि दिवस भरलेल्या बाईस वाट चालावी लागली. येथे मुकादमाची उचल फेडावयाची असते, म्हणून दिवस भरलेली बाई फडात उभी असते. तेथे उतारशाळेत जागा नव्हती; येथे गावात जागा नसते. तेथे गव्हाणी, येथे पाचटाची कोपी. देवाच्या पुत्राने जगात यावयाचे ठरविले, तेव्हा राजवाडा, मंदिर किंवा विद्यालय न निवडता त्याने हीच जागा निवडली. तो धनवान असता आपणांकरिता दरिद्री झाला, असे पौल करिंथकरांस लिहितो. हाच नाताळाचा अर्थ. देव खाली उतरला. आणि थोडा नव्हे, तर ज्याच्या खाली कोणी नाही त्याच्या शेजारी येऊन निजला.

आणि मग आमच्या मनास मोठी लाज वाटली. त्या मुलाने आपल्या टोळीचा मुक्काम सांगितला, तेव्हा कळले की, तो आमच्याच गावच्या शिवारात, आमच्या उपासनामंदिरापासून अर्ध्या कोसावर आहे. महिनाभर आम्ही सायकलीवरून त्या कोप्यांसमोरून जात होतो. धूर दिसत होता, लेकरे दिसत होती, पहाटे थंडीत फडाकडे निघालेल्या बाया दिसत होत्या. नाताळाच्या पंक्तीकरिता वर्गणी किती जमली याचा हिशेब आमच्या खिशात होता. परंतु त्या कोप्यांतील एकासही बोलवावे असे आमच्या मनात आले नाही. वर्गातील मुलांनी गव्हाणी रिकामी ठेविली होती, कारण तिच्यात कोणास तरी ठेवावयाचे होते. आमचे मंदिर मात्र इतके भरलेले होते की, त्यात कोणी नवा मावत नव्हता.

आपण तरी जागेविषयी विसरावे काय? ज्यांचे वाडवडील गावाबाहेर राहिले, त्या आपण विसरावे काय? 1856 साली धारवाड येथे एका महार मुलास सरकारी शाळेत जागा मिळाली नाही. त्याने अर्ज केला, तो वर सरकारपर्यंत गेला, आणि तरीही त्यास आत घेतले नाही. आपल्या कित्येकांच्या आजोबा-पणजोबांस शाळेच्या बाहेर, उन्हात बसून अक्षरे ऐकावी लागली. ज्यांनी आपणांस आत बोलाविले, पाटी दिली, ओळीत बसविले, त्यांच्या हातून आपण प्रथम नाताळाचा अर्थ शिकलो. शब्द मागाहून आले. आज त्या धर्मभगिनींच्या शाळेतील मागच्या बाकावर तो ऊसतोडीचा मुलगा बसतो, तेव्हा तेथे नाताळ शिकविला जातो. गव्हाणी मातीची असो की नसो, तो बाक खरा आहे.

संध्याकाळी आम्ही त्या गृहस्थांकडे गेलो व पाहिलेले सर्व सांगितले. मूर्तीविषयी शास्त्र काय म्हणते तेही वाचून दाखविले, आणि म्हटले, "भाऊ, तुमच्या आजोबांनी देव नदीत सोडले ते बरोबरच केले. कोणापुढे हात जोडावयाचे हे तुमची पोर विसरणार नाही, असे तिला शिकवा; आणि मग तिला गवत नेऊ द्या." ते पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "त्या पोराची टोळी कुठं उतरलीय म्हणालात?" दुसऱ्या दिवशी मुलगी गवत घेऊन शाळेत गेली, आणि बाप कोप्यांकडे गेले. मंडळीतील आणखी दोघे त्यांच्याबरोबर होते. त्यांनी उपदेश केला नाही. "नाताळाला जेवायला या, लेकरांना घेऊन या," एवढेच सांगितले.

येथे मोठे यश सांगावयाचे नाही. टोळीत अकरा कोप्या होत्या. नाताळाच्या दिवशी तीन कुटुंबे आली, कारण बाकीच्यांस फडातून सुटी मिळाली नाही. आली तीही दाराशीच टेकली. बायांनी पदर पुढे ओढून घेतले. उपासना सुरू झाली होती. तेव्हा ते गृहस्थ आपल्या जागेवरून उठले, आपली घोंगडी काढून त्यांनी सर्वांच्या पुढे अंथरली, आणि त्या लोकांस हात धरून तेथे बसविले. मागच्या हंगामात कोपीत जन्मलेली ती मुलगी आईच्या मांडीवर निजली होती. त्या दिवशी आम्ही लूकाचा दुसरा अध्याय वाचला, तेव्हा गव्हाणीच्या शब्दापाशी आमचा आवाज थांबला व पुढे वाचावयास वेळ लागला.

आता या वर्षाचा नाताळ येत आहे. उपदेशक बंधूंनो, आपणांस आमची विनंती अशी आहे. मंदिरास चुना लावण्यापूर्वी एक फेरी शिवारात घाला. कोप्या कोठे आहेत, वीटभट्टी कोठे आहे, धनगरांचे तळ कोठे उतरले आहेत, गावात एकटी म्हातारी कोण आहे, ते पाहून या. पंक्तीचा हिशेब करिताना त्यांची पाने आधी मोजा. मुलांस शाळेत रोमन कॅथलिक बाईंकडून जे चांगले मिळेल ते आभार मानून घेऊ द्या, शास्त्राशी ताडून पाहू द्या, आणि जे पटत नाही ते द्वेषाने नव्हे, तर प्रीतीने सांगावयास शिकवा. घरोघरी एक रिकामी जागा ठेवा. चटईवर असो, ताटावर असो, मनात असो. ती कोणाकरिता आहे असे मुलांनी विचारले म्हणजे सांगा की, बेथलेहेमात ज्यास जागा मिळाली नाही, तो आजही दारोदार फिरतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात त्यानेच सांगून ठेविले आहे की, लहानांतील लहानास आपण जे करितो ते त्यालाच करितो.

हे दयाळू पित्या, तू आपल्या पुत्रास आमच्यामध्ये पाठविले, आणि आम्ही त्यास जनावरांच्या जागी निजविले. आमचा तो अपराध क्षमा कर. आमची मंदिरे व घरे त्याच्याकरिता रिकामी कर, आणि तुझे नाव घेणाऱ्या आम्हां सर्वांस, एका मंडळीचे असोत की दुसऱ्या, त्या एका गव्हाणीपाशी गुडघे टेकावयास लाव. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने. आमेन.